हिरवा पट्टा आणि मापाड्याचा काटा

दिवाळीत उदगीरला घरी आलेले माझे जुने विद्यार्थी भेटायला येतात. तीसेक वर्षं वाणिज्य शिकवल्याची ही कमाई. काही वर्षांपूर्वी असाच एक जण वडिलांना बरोबर घेऊन आला. वडील आमच्या मोंढ्यात मापाडी. मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. चहा झाला, फराळ झाला, तरी मुलगा मुद्द्यावर येईना. शेवटी वडीलच म्हणाले, "सर, ह्याला कोणता तरी हिरवा पट्टा घ्यायचाय म्हणं. दीड पगार जातोय त्यात. आता पट्टा कंबरंचा का कराट्याचा, ते तुम्हीच विचारा."

मुलगा लाजला आणि मग त्यानं नीट सांगितलं. पट्टा म्हणजे 'सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट'. कामातल्या चुका, वाया जाणारा माल आणि वाया जाणारा वेळ कसा शोधायचा आणि कमी करायचा, हे शिकवणारा अभ्यासक्रम. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. वरची जागा हवी असेल तर हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं, असं त्याच्या बरोबरीची पोरं सांगत होती. वडिलांचा प्रश्न सरळ होता. पैसे भरावेत की नाही?

मी वर्गात हा विषय शिकवत आलो होतो, त्यामुळे उत्तर तोंडावरच होतं. मी मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण दिलं. म्हटलं, "फारसं न शिकलेली आपली मावळातली माणसं, पण 'फोर्ब्स' मासिकानं त्यांना सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र दिलं आणि सगळं जग त्यांना ओळखू लागलं. कागदाला किंमत असते, बाबा."

मुलानं सहज विचारलं, "सर, पण मासिक कसं काय प्रमाणपत्र देतं? परीक्षा कुणी घेतली?"

मला उत्तर देता आलं नाही. हीच गोष्ट मी कित्येक वर्षं पोरांना सांगत होतो आणि तो साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यानंतर मी शोध घेतला. हाती जे लागलं ते मला शरमवणारं होतं, पण त्यातून या पट्ट्यांचा इतिहासही नीट समजला. आज तोच सांगतो.

'फोर्ब्स'मध्ये १९९८ साली डबेवाल्यांवर लेख आला, इथपर्यंत गोष्ट खरी आहे. तो लिहिणारे पत्रकार सुब्रत चक्रवर्ती. डबे गोळा करायचे, लावायचे, पोचवायचे आणि परत आणायचे, हे सगळं इतक्या बिनचूक कसं होतं याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी डबेवाल्यांच्या प्रमुखांना विचारलं, तुमच्या हातून चूक किती वेळा होते? उत्तर आलं, जवळजवळ नाहीच. दोन महिन्यांत एखादी. चक्रवर्तींनी त्यावर गणित मांडलं. तेव्हा रोज सुमारे पावणेदोन लाख डबे जात. महिन्याचे कामाचे दिवस बावीस-तेवीस धरले, तर दोन महिन्यांत साधारण ८० लाख डबे होतात. म्हणजे ८० लाखांत एक चूक. डबा रिकामा होऊन घरी परत जातो, तीही खेप मोजली तर १ कोटी ६० लाखांत एक.

लेखात हा आकडा होता, पण 'सिक्स सिग्मा' हा शब्द नव्हता. हे चक्रवर्तींनीच नंतर स्पष्ट केलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे झालं ते असं. एका परिषदेत कुणा वार्ताहरानं डबेवाल्यांच्या अध्यक्षांना विचारलं, तुमची संस्था सिक्स सिग्माची आहे का? ते म्हणाले, ते काय असतं मला माहीत नाही. वार्ताहरानं चुकांचं प्रमाण समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, मग आम्ही आहोतच, 'फोर्ब्स'ला विचारा. वार्ताहरानं मूळ लेख न वाचता बातमी दिली की 'फोर्ब्स'नं डबेवाल्यांना सिक्स सिग्मा दिलं. ती बातमी वाचून दुसऱ्यानं लिहिलं, त्यावरून तिसऱ्यानं. व्यवस्थापनाच्या शिबिरांत ती गेली, पाठ्यपुस्तकांच्या आसपास आली आणि उदगीरच्या माझ्या वर्गातही पोचली.

इथे डबेवाल्यांना कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. त्यांच्या कामाकडे मी पुन्हा येणार आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. तो आकडा कुणी वही घेऊन, रोज चुका टिपून काढलेला नव्हता. तो एका प्रश्नाच्या उत्तरातून आलेला अंदाज होता. आणि सिक्स सिग्मा ही गोष्ट मुळात मोजण्याचीच आहे.

ती नेमकी काय आहे हे मोंढ्यातल्या उदाहरणानंच सांगतो. समजा, पन्नास किलोची पोती भरली जात आहेत. प्रत्येक पोतं बरोबर पन्नासचं भरत नाही. एखादं शंभर ग्रॅम कमी, एखादं पन्नास ग्रॅम जास्त. सरासरीपासून मापं किती इकडेतिकडे पसरतात, ते मोजण्याच्या एककाला संख्याशास्त्रात 'सिग्मा' म्हणतात. हे ग्रीक अक्षर आहे. गिऱ्हाईक जेवढी कमी-जास्त चालवून घेतं, तेवढ्या अंतरात सरासरीच्या दोन्ही बाजूंना असे सहा-सहा सिग्मा बसले, तर ते काम सिक्स सिग्माचं. दिवस जातील तसं यंत्र थोडं सरकतंच, हे धरून हिशेब केला, तर चुकीच्या दहा लाख संधींमध्ये ३.४ चुका होतात.

ही पद्धत अमेरिकेतल्या मोटोरोला कंपनीत तयार झाली. १९७४ साली मोटोरोलानं आपला टीव्हीचा धंदा जपानच्या मात्सुशिता कंपनीला विकला होता. जपानी माल कमी बिघडतो आणि आपला जास्त, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. १९८६-८७ च्या सुमारास बिल स्मिथ नावाच्या अभियंत्यानं ही पद्धत मांडली आणि कंपनीचे प्रमुख बॉब गॅल्विन यांनी ती उचलून धरली. तिच्या प्रसारात मिकेल हॅरी यांचा मोठा वाटा. कामाची व्याख्या करा, मोजा, कारणं शोधा, सुधारणा करा आणि मग सुधारणा टिकते का ते पाहत राहा, अशा पाच पायऱ्या पुढे रूढ झाल्या. शिकणाऱ्यांच्या पातळ्यांना ज्युदो-कराट्यातल्या पट्ट्यांची नावं मिळाली. आपलं रोजचं काम सांभाळून सुधारणा करणारा तो ग्रीन बेल्ट, पूर्णवेळ हेच काम करणारा ब्लॅक बेल्ट आणि त्यांना शिकवणारा मास्टर ब्लॅक बेल्ट. म्हणजे आमच्या मापाडीकाकांनी थट्टेत विचारलेलं खरंच होतं. पट्टा कराट्याचाच!

१९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीचे प्रमुख जॅक वेल्श यांनी ही पद्धत सगळ्या कंपनीत लागू केली. बढती हवी असेल तर पट्टा हवा, असा नियमच तिथे आला. तिथून या प्रमाणपत्राला बाजार मिळाला. एवढं मात्र लक्षात घ्यायला हवं की या कंपन्यांत पट्टा मिळण्यासाठी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष काम दाखवावं लागे. अमुक यंत्रावर इतका माल वाया जात होता, तो आता इतका जातो, असं हिशेबानं मांडावं लागे. कागद त्या हिशेबाच्या मागून यायचा.

पुढे कंपन्यांच्या बाहेर शिकवणाऱ्या संस्था निघाल्या. आज या प्रमाणपत्रांवर जगात कुणा एका संस्थेची सत्ता नाही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीसारख्या जुन्या संस्था परीक्षा घेतात. आपल्याकडे भारतीय सांख्यिकी संस्था अभ्यासक्रम चालवते. २०११ मध्ये पद्धतीसाठी आणि २०१५ मध्ये माणसांच्या पात्रतेसाठी आंतरराष्ट्रीय मानकं निघाली. पण ती पाळण्याची सक्ती कुणावर नाही. त्यामुळे सहा महिने घाम गाळायला लावून दिलेला हिरवा पट्टा आणि दोन दिवसांत घरबसल्या मिळालेला हिरवा पट्टा, दोघांचं नाव एकच.

हा सगळा खेळ अमेरिकेनं अलीकडे शोधला, असं मात्र नाही. कामाची पद्धत सुधारायला शिकवणं ही त्याहून जुनी परंपरा आहे. १९२४ साली बेल कंपनीतल्या वॉल्टर श्युहार्ट यांनी एका कागदावर साधा आलेख काढून दाखवला. काम नेहमीसारखं चाललंय की काही बिनसलंय, हे त्यावरून कळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कुशल कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवशिके आले. त्यांना पटकन तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात सरकारनं एक मोहीम चालवली. तुकडी दहा-बारा जणांची आणि शिकवणी अवघी दहा तासांची. खिशात मावेल असं एक कार्ड मिळे. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि मग पाठपुरावा करा, एवढंच त्यावर. शिकणाऱ्याला आलं नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, हे तिथलं पहिलं सूत्र. सोळा लाखांहून जास्त लोकांना त्या मोहिमेत प्रमाणपत्र मिळालं. युद्ध संपल्यावर हीच शिकवणी जपानला गेली आणि तिथल्या कारखान्यांत खोल रुजली. १९५० साली डेमिंग यांनी जपानी अभियंत्यांपुढे व्याख्यानं दिली आणि १९५१ पासून त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. तेच डेमिंग पारितोषिक १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन या भारतीय कंपनीनं आणि २००३ मध्ये महिंद्रांच्या ट्रॅक्टर विभागानं मिळवलं. आपल्या शिवारातले लाल ट्रॅक्टर पाहताना हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

भारतही यात उशिरा आला नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून श्युहार्ट स्वतः १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले. त्या हिवाळ्यात आमचा उदगीर तालुका निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. रझाकारांच्या भीतीनं माणसं गावं सोडत होती. कारखान्यातल्या मालाचा दर्जा हा विषय इथे कुणाला सुचण्याची शक्यताच नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि देशभर शिबिरं सुरू झाली. तोपर्यंत १९५६ च्या पुनर्रचनेत उदगीर बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आलं होतं.

तरी या विद्येची एक महत्त्वाची वाट आमच्या दारावरून गेली आहे. उदगीरहून बीदर, जहीराबाद करत हैदराबादला निघालं की शहर लागायच्या आधी रामचंद्रपुरम येतं. तिथे भेल कंपनीचा मोठा कारखाना आहे. जपानमध्ये इशिकावा यांच्या प्रेरणेनं १९६२ पासून 'क्वालिटी सर्कल' म्हणजे गुणवत्ता मंडळं सुरू झाली होती. एका खात्यातले सहा-आठ कामगार आठवड्यातून एकदा बसतात, आपल्याच कामातली एक अडचण घेतात, आकडे गोळा करतात आणि उपाय सुचवतात. भारतात ही मंडळं पहिल्यांदा १९८० च्या सुमारास रामचंद्रपुरमच्या या कारखान्यात सुरू झाली. १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्थाही हैदराबाद-सिकंदराबादलाच निघाली. दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, कामधंद्यासाठी आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच रस्त्यानं जात आली आहेत. या मंडळांतल्या माणसाच्या छातीवर पट्टा नव्हता. फळ्यावर त्याच्या खात्याचे आकडे होते.

महाराष्ट्रात असाच मोठा प्रयोग कारखान्यात नव्हे, सरकारी कचेरीत झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीचं काम मुळापासून लावून घेतलं. 'लखीना पॅटर्न' म्हणून तो राज्यभर गाजला. बुडाशी कल्पना साधी होती. प्रत्येक टेबलाचं काम ठरलेलं हवं आणि कोणता कागद कुठे आहे हे क्षणात सांगता यायला हवं. जुन्या कारकुनांना 'सहा गठ्ठा पद्धत' आठवत असेल. चालू असलेली प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे सहा गठ्ठे. जमिनीच्या कामासाठी तालुक्याला आठ हेलपाटे घातलेल्या शेतकऱ्याला विचारा, कारकुनाच्या टेबलावर गठ्ठे लावलेले असणं म्हणजे काय! मला वाटतं, मराठीत घडलेलं हे कार्यपद्धती सुधारण्याचं सर्वांत मोठं प्रशिक्षण. नेमक्या त्याच काळात, १९८२ मध्ये, लातूर हा नवा जिल्हा झाला आणि उदगीर त्यात आलं.

पण २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांना 'झिरो पेंडन्सी'ची मोहीम हाती घ्यावी लागली आणि त्यात हेच सहा गठ्ठे पुन्हा शिकवावे लागले. एकदा शिकवलेलं तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून का शिकवावं लागतं? पद्धत वाईट नव्हती. माणसंही तीच होती, शिकलेली होती, खात्याच्या परीक्षा पास झालेली होती. शिकवणारा अधिकारी बदलून गेला, की गठ्ठे रोज तपासणारं कुणी उरत नाही. मोजणं थांबतं. मग सहाचे चार होतात, चाराचे दोन आणि शेवटी टेबलाखाली एकच मोठा ढीग.

मोजणं थांबलं तरी पाटी मात्र टिकते, हे आपण दुसऱ्या एका बाबतीत पाहतो आहोत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती, पोलीस ठाणी यांवर 'आयएसओ मानांकित' अशा पाट्या लागल्या. त्यामागे कितीतरी शिक्षकांची आणि गावकऱ्यांची मेहनत आहे. लोकवर्गणीतून शाळा रंगल्या, स्वच्छतागृहं झाली. पण आयएसओ ही जिनिव्हाची संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानक लिहिते. तपासून कागद देण्याचं काम वेगळ्या संस्था करतात. आणि आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र असतं तीन वर्षांचं, मधल्या वर्षांतही तपासणी व्हायला हवी. भिंतीवर रंगवलेल्या पाटीला मात्र मुदत नसते.

मोटोरोला आणि जनरल इलेक्ट्रिक यांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. मोबाईल फोनच्या बाजारात मोटोरोला मागे पडली आणि २०११ मध्ये कंपनीचे दोन भाग झाले. जनरल इलेक्ट्रिकचीही वाटणी होऊन २०२४ मध्ये तीन स्वतंत्र कंपन्या झाल्या. म्हणून ही पद्धत खोटी ठरत नाही. हातातलं काम बिनचूक कसं करायचं हे ती सांगते. कोणतं काम हाती घ्यायचं, हे ती सांगत नाही. पट्टा घेणाऱ्यानं एवढं समजून घेतलं तर निराशा होणार नाही.

आता पुन्हा डबेवाल्यांकडे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा धंदा. मावळ, जुन्नर, राजगुरुनगर, अकोले या भागांतली माणसं. त्यांच्याकडे प्रशिक्षण नव्हतं असं म्हणणं चुकीचं होईल. नवा माणूस जुन्याच्या मागे फिरतो. रस्ते, इमारती, मजले, लोकलच्या वेळा, सगळं पायांनी शिकतो. डब्याच्या झाकणावर रंगानं खूण असते. कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला, परत कुठे जायचा, हे अक्षरांनी आणि आकड्यांनी लिहिलेलं. ज्याला पत्ता वाचायला वेळ लागेल, त्यालाही ती खूण धावत्या गर्दीत वाचता येते. कामावर पांढरी टोपी हवी, दारू पिऊन आला तर दंड. चूक झाली की त्याच दिवशी दुपारी कळते, कारण कुणाचं तरी जेवण चुकतं आणि गिऱ्हाईक बोलतं. चूक लपवायला जागाच नाही. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेनं २०१० मध्ये त्यांच्या कामावर अभ्यासलेख काढला, तो या व्यवस्थेसाठी. त्याआधी २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटून गेले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या आणि डबेवाल्यांच्या हातचं काम गेलं. त्यानंतर त्यांची संख्या बरीच घटली. जगभर गाजलेलं ते न दिलेलं प्रमाणपत्र त्या दिवसांत त्यांच्या काहीच कामाला आलं नाही.

मला वाटतं, तो कागद त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त हवा होता. धोतर-टोपीतल्या आपल्या माणसांचं काम चांगलं आहे, हे परदेशी मासिकानं सांगितल्याशिवाय आपल्याला पटत नव्हतं. म्हणून मासिकानं जे म्हटलंच नाही, तेही आपण त्याच्या तोंडी घातलं. त्यात मीही होतो.

हे सगळं मी त्या मुलाला फोनवर सांगितलं आणि माझी चूक कबूल केली. मग पैसे भरावेत का? मी म्हटलं, पट्टा वाईट नाही, पण भरण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचार. परीक्षा कोण घेतं? आपल्या कामातला एक प्रश्न सोडवून दाखवावा लागतो का? आणि सुधारणा टिकली की नाही, हे सहा महिन्यांनी कुणी विचारतं का? ज्या संस्थेनं दुसऱ्या प्रश्नाला 'त्याची गरज नाही, फक्त परीक्षा' असं सांगितलं, ती सोडून दे.

मागून त्याच्या वडिलांचा आवाज आला. फोन त्यांनीच घेतला. म्हणाले, "सर, माझ्याकडं बी बाजार समितीचा परवाना हाय. पण शेतकरी परवाना बघत नाही, काटा बघतो. मी आधी रिकामा काटा दाखवतो. शून्य आलं का बघा मालक, म्हणतो. मग पोतं ठेवतो. आन् काट्यावर वजनमापवाल्याचा शिक्का असतो, त्याची मुदत संपली की पुन्हा मारून घ्यावा लागतो. ह्या पोराच्या पट्ट्यावर कोण शिक्का मारतंय पुन्हा?"

एवढ्या पुस्तकांतून मी जे गोळा केलं होतं, ते त्यांच्या रोजच्या कामातच होतं.

पुढच्या दिवाळीला मुलगा आला तो एक वही घेऊन. आधी महिनाभर त्यानं आपल्या यंत्रावर नापास झालेले भाग वेळेसकट टिपले होते. बहुतेक चुका पाळी बदलल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या निघाल्या. यंत्र तेच, माल तोच. जाणारा माणूस घाईनं जायचा आणि येणाऱ्याला काही सांगायचा नाही. मग त्यानं साहेबांना पटवून जाणाऱ्या कामगाराला दहा मिनिटं थांबवायला सुरुवात केली, नव्या माणसानं पहिले पाच भाग त्याच्यासमोर करून दाखवायचे. चुका कमी झाल्या. त्यानंतर त्यानं अभ्यासक्रमाला नाव घातलं, प्रत्यक्ष काम मागणाऱ्या संस्थेत. ही वहीच त्यानं तिथे आपला प्रकल्प म्हणून मांडली. पट्टा मिळाला होता. पण मला दाखवायला त्यानं प्रमाणपत्र आणलं नव्हतं, वही आणली होती. आणि टिपणं अजून चालू होती.

तो गेल्यावर मी माझी वर्गातली जुनी टिपणवही काढली. डबेवाल्यांना 'फोर्ब्स'नं सिक्स सिग्मा दिलं, ही ओळ माझ्याच अक्षरात होती, खाली दोन रेघा मारलेल्या. ती खोडली आणि शेजारी लिहिलं, 'कुणी मोजलं ते आधी विचारावे.'